शेतावरील पाहुणे आणि त्यांस सांभाळणारीं माणसें

सह्याद्रीच्या पायथ्याशीं व कोंकणपट्टींत अनेक शेतकरी बंधूंनीं शेतावर पाहुणे उतरविण्याचा जोडधंदा आरंभिला आहे. महाराष्ट्र सरकारनें सन २०२० मध्यें कृषिपर्यटनाचें धोरण ठरविल्यानें या धंद्यास अधिकृत आधारहि मिळाला. ही गोष्ट आम्हांस इष्टच वाटते. परंतु खोल्या बांधल्या व पाटी लावली कीं सर्व सिद्धता झाली, हा समज आम्हांस मान्य नाहीं. खोली एका उन्हाळ्यांत उभी राहते. ती चालविणारें माणूस तयार होण्यास अधिक काळ लागतो.

रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांव पाहावें. तेथील किनाऱ्यावर समुद्रकांसवें अंडीं घालण्यास येतात. पूर्वीं तीं अंडीं माणसें व कुत्रीं नेत असत. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें ग्रामस्थांस हाताशीं धरून त्यांच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें. घरटें ओळखणें, अंडीं कुंपणांत हलविणें, सुमारें पन्नास दिवसांनीं निघणारीं पिल्लें समुद्राकडे सोडणें, हें गांवच्या माणसांनीं शिकून घेतलें. पुढें तीं पिल्लें पाहण्यास लोक येऊं लागले व त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय गांवच्या घरांतच झाली. आधीं शिक्षण, मग पाहुणा, हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे.

याच्या उलट साताऱ्याजवळील कास पठाराचें झालें. सन २०१२ मध्यें जागतिक वारशांत गणना झालेल्या या पठारावर आधीं गर्दी लोटली. मागाहून शुल्क व संख्येची मर्यादा घालणें भाग पडलें. मर्यादा कागदावर लिहून पाळली जात नाहीं. पाळवून घेणारें माणूस लागतें, आणि तें आसपासच्या गांवांतूनच मिळालें.

कोणी म्हणतील, अतिथीसत्कार आपल्या रक्तांतच आहे, त्यास शिक्षण कशास? वर्षांतून एकदां येणारा सोयरा निराळा आणि दर शनिवारीं येणारे पन्नास अनोळखी निराळे. आंबा आपल्या वाडवडिलांनींहि लावला. तरी कलम बांधणें आपण जाणत्याकडूनच शिकतों ना? वैशाखांत विहिरीचें पाणी किती जणांस पुरेल याचा हिशेब, ओला-सुका कचरा वेगळा ठेवणें, सर्पदंश झाल्यास वेळ न दवडतां रुग्णालय गांठणें, जमाखर्च लिहिणें, आणि पाहुण्यास नम्रपणें परंतु ठामपणें 'नाहीं' म्हणणें, या विद्या शिकाव्याच लागतात. त्या न शिकल्यास ओढ्यांत बाटल्या सांचतील, प्लास्टिक गुरांच्या पोटांत जाईल व विहीर पिकाआधीं आटेल. नुकसान पाहुण्याचें नव्हे, आपलें होईल.

याहून मोठें भय दुसरें आहे. आपलीं मुलें अशिक्षित राहिलीं, तर बाहेरचा धनिक जमीन घेईल, शहरांतून तयार माणसें आणील, आणि मूळ मालकाचा मुलगा बापाच्याच शेताच्या फाटकावर राखणदार म्हणून उभा राहील.

म्हणून आमची सूचना अशी कीं, एका पंचक्रोशींतील अशा शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन प्रत्येक पाहुण्यामागें कांहीं ठराविक रक्कम शिक्षणासाठीं बाजूस काढावी, आणि हंगामापूर्वीं गांवांतील निदान दोघांस, त्यांत एक स्त्री असावीच, जेथें हें काम उत्तम चालतें तेथें राहून शिकण्यास धाडावें. परतल्यावर त्यांनीं इतरांस शिकवावें. बियाणें पारखून घेणाऱ्या आमच्या वाचकांस, माणूस आधीं तयार करावें हें अधिक सांगणें नलगे.