रक्त पातळ करणारी गोळी: नवी की जुनी?
‘नवी गोळी सुरक्षित’ हे अर्धेच खरे. २०११च्या अ‍ॅरिस्टॉटल चाचणीत, हृदयाचे ठोके अनियमित पडणाऱ्या १८,२०१ रुग्णांत, गंभीर रक्तस्राव जुन्या वॉरफरिनवर वर्षाला ३.०९ टक्के, तर नव्या अ‍ॅपिक्साबॅनवर २.१३ टक्के आढळला. मेंदूतला तर निम्म्याहून कमी. पण रिव्हारोक्साबॅनही नवीच. तिने मेंदू जपला, पोटातला रक्तस्राव मात्र वाढवला. सगळ्या नव्या गोळ्या एकाच माळेचे मणी नाहीत. वॉरफरिन स्वस्त पडते, हा आक्षेप रास्त. पण तिच्यासाठी वरचेवर आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते दाखवणारी चाचणी) तपासायला तालुक्याला जाताना बुडालेली मजुरी कोण मोजतो? तरीही धातूची कृत्रिम झडप असेल, किंवा संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झाली असेल, तर वॉरफरिनच हवी. आपल्याला कोणती गोळी आणि का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. चालू गोळी परस्पर बंद मात्र करू नका.