सत्तावीस मुलं आणि एक शिक्षक



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलीची गडबड सुरू होते. संमतीपत्रं, बसचं बुकिंग, माणशी किती घ्यायचे, डबा घरचा की बाहेरचं जेवण... या सगळ्यात एक गोष्ट मात्र कधी बोलली जात नाही. अर्ध्या वाटेतून परत फिरायची वेळ आली, तर ते ठरवायचं कोणी? हा प्रश्न माझ्या डोक्यात घुसला तो १९३६ सालच्या एका शालेय सहलीची हकिगत वाचल्यापासून.

लंडनच्या स्ट्रँड स्कूलची १२ ते १७ वर्षांची २७ मुलं ईस्टरच्या सुट्टीत जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये गेली होती. सोबत शिक्षक एकच, आणि त्यांचं वयही २७. (त्यांचं नाव इतिहासात नोंदलेलं आहे, पण मी इथे मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की आपण 'तो तसा होता' म्हणून मोकळे होतो.) १७ एप्रिलला सकाळी ही मंडळी फ्रायबुर्गहून पायी निघाली. शाउइन्सलांड नावाचा १,२८४ मीटर उंचीचा डोंगर ओलांडायचा आणि पलीकडे तोटनाउबेर्गला मुक्काम करायचा, असा बेत होता. आपल्या कळसूबाईपेक्षा हा डोंगर साडेतीनशे मीटरने बुटका. म्हणजे उंची ऐकून कुणी घाबरावं असं काही नव्हतं.

पण बर्फ पडायला लागला होता. वसंतातली सहल म्हणून मुलांचे कपडे साधे, कित्येकांच्या अंगात हाफ पँट. सुरुवातीला मजाच वाटली, बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारणं वगैरे. वाटेतल्या खानावळीत सांगितलं गेलं की वर वाटा आणि पाट्या बर्फाखाली गेल्यात, जाऊ नका. पुढे जंगलात काम करणारी माणसं भेटली, त्यांनीही तेच सांगितलं. तरी चढ चालूच राहिला. दुपार उलटली, वादळ वाढलं, वाट हरवली. मुलं थकून कोसळायला लागली, तेव्हा मोठी मुलं लहानांना उचलून नेत होती. अंधारात हॉफ्सग्रुंड गावातल्या चर्चच्या घंटेचा आवाज आला आणि त्या रोखाने काही जण कसेबसे पहिल्या घरापर्यंत पोचले. मग गावकरी त्या वादळात बाहेर पडले आणि राहिलेल्या मुलांना शोधून शोधून त्यांनी खाली आणलं. पाच मुलं गेली. गावकऱ्यांना पहिल्यांदा घंटा आणि मग माणसं असं दोन्ही नसतं, तर आकडा कुठे गेला असता याचा विचार करवत नाही.

ते शिक्षक का थांबले नाहीत? त्यांच्या मनातलं सांगणारा मी कोण! पण आपणही याच धंद्यातले आहोत, थोडा अंदाज करता येतो. पुढचा मुक्काम ठरलेला असतो. पैसे भरलेले असतात. 'सर, एवढं आलोय तर वर जाऊ या ना' असं म्हणणारी मुलं असतात. मागे फिरलं तर आपलंच नियोजन चुकलं असं दिसतं. आणि 'सर, आता पुरे' असं म्हणू शकणारा बरोबरीचा दुसरा माणूस तिथे नव्हता. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती डोंगरावर झाली नाही. लंडनमध्ये यादी करतानाच झाली. २७ मुलांमागे एक शिक्षक हा हिशेब कुणीतरी मंजूर केलाच असेल ना?

पुढे जे झालं ते मला जास्त अस्वस्थ करतं. तो हिटलरचा काळ. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक व्हायचं होतं, जर्मनीला जगापुढे सोज्वळ चेहरा दाखवायचा होता. हिटलर यूथची पोरं शवपेट्यांपाशी मानवंदनेला उभी राहिली. १९३८ मध्ये डोंगरावर मोठं स्मारक उभारलं. शिक्षकांवर खटला झाला नाही, उलट मुलांना वाचवणारा वीर म्हणून त्यांचं कौतुक झालं. एका मुलाचे वडील मात्र हे मानायला तयार नव्हते. माझा मुलगा का गेला, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते विचारत राहिले.

आपल्याकडे अपघात झाला की आपणही हेच करतो. एकतर 'नियतीचा घाला', नाहीतर 'त्या मास्तरला निलंबित करा'. दोन्हींत प्रश्न बंद होतो. कुणी कुठल्या क्षणी काय ठरवलं, ते तपासलंच जात नाही.

पालकहो, तुमच्याकडून एक हवंय. सहल अर्ध्यातून परत आली, धबधबा न बघता आली, तर 'पैसे फुकट गेले' म्हणून शिक्षकांना धारेवर धरू नका. हे बोलणं पुढच्या वर्षी त्या शिक्षकाच्या डोक्यात बसलेलं असतं, ऐन घाटात.

आणि सहकाऱ्यांनो, आमच्या शाळेच्या सहलीच्या फॉर्मवर यंदा दोन रकाने वाढवा असं मी सुचवणार आहे: कुठून परत फिरायचं, आणि 'परत फिरा' म्हणायचा अधिकार प्रमुखाशिवाय आणखी कुणाला. मुख्याध्यापक म्हणतील, फॉर्म आधीच दोन पानांचा झालाय. होऊ दे तीन पानांचा.