ओंडका, सिलिंडर आणि टनाचा आकडा

तेलाच्या दाबाने ओंडक्यात पाचर घुसवणाऱ्या यंत्राला हायड्रॉलिक लॉग स्प्लिटर म्हणतात. एक इंजिन किंवा मोटर, तिने फिरणारा पंप, तेलाची टाकी, सिलिंडर, त्यातून पुढे-मागे सरकणारा दांडा आणि या सगळ्याचा भार पेलणारा पोलादी आय-बीम, एवढाच त्याचा पसारा असतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पसरतो, हे पास्कलने सतराव्या शतकात मांडलेले तत्त्व त्यामागे आहे. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले ते याच तत्त्वावर. उसाची किंवा वाळूची ट्रॉली उलटवणारा जॅक ज्याने पाहिला आहे, त्याला या यंत्राचे काम समजावून सांगावे लागत नाही. ट्रॉलीखाली तो जॅक उभा असतो, इथे तो बहुधा आडवा झोपवलेला असतो.

या यंत्राचा खरा मुलूख म्हणजे उत्तर अमेरिका आणि युरोपातला थंड, झाडांचा पट्टा. व्हर्मॉन्ट, न्यू हॅम्पशायर, मेन या अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत गावाबाहेरच्या कितीतरी घरांत आजही लाकडाचा स्टोव्ह पेटतो. बर्फाच्या वादळात वीज गेली, तरी तेवढी एक खोली उबदार राहते. कोकणात जशी आगोटीच्या आधी सरपणाची बेगमी होते, तशी तिथे वसंत ऋतूतच पुढच्या हिवाळ्याची तयारी सुरू होते. फरक एवढाच की कोकणात सरपण पावसापासून वाचवायचे असते आणि तिथे ते आधी वाळवायचे असते. ताज्या तोडलेल्या लाकडात पाण्याचा अंश फार मोठा असतो. तो २० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय लाकूड नीट जळत नाही. ओल्या लाकडाची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते, आणि धुरातला क्रिओसोट धुराड्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा बसतो. धुराड्यांच्या आगी लागतात त्या यातूनच. अख्खा ओंडका सालीच्या वेष्टनात महिनोन् महिने ओला राहतो. फोडला की आतला भाग उघडा पडतो आणि वारा आपले काम करतो. पाइनसारख्या मऊ लाकडाला सहा महिने पुरतात. ओकला मात्र पुरते एक वर्ष, पुष्कळदा दोन वर्षेही लागतात. म्हणून फोडण्याचे काम उन्हाळ्यावर ढकलणाऱ्याला हिवाळ्यात धूरच मिळतो.

खरेदीचा विचार लाकडाच्या हिशोबापासून सुरू व्हायला हवा. तिथे जळण ‘कॉर्ड’ या मापाने मोजतात. ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट, म्हणजे एक कॉर्ड. ओल्या ओकची एक कॉर्ड दोन टनांहून जड भरते. अधूनमधून स्टोव्ह पेटवणाऱ्या घराला वर्षाला एखादी कॉर्ड पुरते, आणि तेवढ्यासाठी यंत्र विकत घेणे योग्य नाही. सहा-आठ पौंडांची माथेजड कुऱ्हाड, एक घण आणि दोन लोखंडी पाचरी एवढ्यावर ते काम होते. अंगात तेवढे बळ नसेल, तर शेजाऱ्यांनी मिळून एका शनिवार-रविवारसाठी यंत्र भाड्याने आणावे. पूर्ण घर लाकडावर तापवणाऱ्या कुटुंबाला मात्र वर्षाला पाच-सात कॉर्ड लागू शकतात. दरवर्षी तेवढे ओंडके फोडायचे असतील, तर खांदे आणि कंबर वाचवणारे स्वतःचे यंत्र हवेच.

दुकानात गेल्यावर सर्वांत ठळक दिसतो तो टनाचा आकडा: २२ टन, २७ टन, ३५ टन. हा टन अमेरिकी असतो, म्हणजे २००० पौंडांचा, साधारण ९०७ किलोंचा. ग्राहकाची नजर याच आकड्यावर खिळते आणि चुकीची खरेदी होते ती इथेच. आकडा तपासायला शाळेतले गणित पुरते. सिलिंडरच्या आतल्या पोकळीचे क्षेत्रफळ काढायचे आणि त्याला तेलाच्या दाबाने गुणायचे. ४ इंच व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ १२.५७ चौरस इंच येते. दर चौरस इंचावर ३००० पौंड दाब धरला, तर जोर होतो सुमारे ३७,७०० पौंड, म्हणजे जेमतेम १९ टन. साडेचार इंची सिलिंडर त्याच दाबावर २४ टनांच्या जवळ जातो आणि ५ इंची २९ टनांच्या थोडा पुढे. आता ४ इंची सिलिंडरच्या यंत्रावर २७ टन असे लिहिलेले असेल, तर ते खरे होण्यासाठी दाब ४३०० पौंडांच्या आसपास हवा. घरगुती यंत्रांचे पंप आणि व्हॉल्व्ह सहसा एवढ्या दाबासाठी बनवलेले नसतात. म्हणून विक्रेत्याला टन न विचारता सिलिंडरचा आतला व्यास आणि दाब मर्यादेत ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह किती दाबावर लावला आहे, हे विचारावे. हे दोन आकडे माहितीपत्रकात सापडत नसतील, तर ते यंत्र सोडून द्यावे.

मोठ्या टनाची एक किंमतही असते, आणि ती वेळेत मोजावी लागते. सिलिंडर जितका जाड, तितके त्यात तेल जास्त भरावे लागते. ४ इंची सिलिंडरचा २४ इंचांचा फेरा पूर्ण करायला सुमारे १.३ गॅलन तेल लागते. मिनिटाला ११ गॅलन देणारा पंप तेवढे तेल सात सेकंदांत भरतो. तोच पंप ५ इंची सिलिंडरला जोडला, तर पुढे जायलाच अकरा सेकंद लागतात. चार-पाच सेकंदांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. शेकडो ओंडक्यांपुढे उभ्या असलेल्या माणसाला तो चांगलाच जाणवतो. त्यामुळे सिलिंडर मोठा घेतला तर पंपही मोठा हवा, आणि पंप मोठा तर इंजिनही. या तिघांचा मेळ जमलेला आहे की नाही, हे पाहणे हीच या खरेदीतली खरी पारख.

पंपाची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. चांगल्या यंत्रात दोन टप्प्यांचा गिअर पंप असतो. त्यात दाते असलेल्या चाकांच्या दोन जोड्या असतात. दांडा मोकळा सरकत असताना दोन्ही जोड्या तेल ढकलतात, म्हणून तो वेगाने पुढे जातो. पाचर लाकडात रुतली आणि दाब वाढला की मोठी जोडी आपले तेल परत टाकीकडे वळवते आणि छोटी जोडी एकटी कामाला लागते. मग तेल कमी पण जोर पूर्ण. या क्षणी इंजिनाचा आवाज दबतो आणि दांडा जवळजवळ थांबल्यासारखा वाटतो. मग ओंडका कडाडतो, दाब उतरतो आणि दांडा पुन्हा झपाट्याने निघतो. या युक्तीमुळेच पाच-सहा अश्वशक्तीचे लहान इंजिन एवढे मोठे काम करू शकते.

आपले लाकूड कुठले, यावर बाकीचे सगळे ठरते. सरळ रेषांचा, १६ इंच लांबीचा ॲशचा ओंडका थोड्या टनांतच दुभंगतो. ओक आणि मेपलही गाठी नसतील तर त्रास देत नाहीत. एल्मचे तसे नाही. त्याचे तंतू एकमेकांत विणल्यासारखे गुंतलेले असतात. ते फुटत नाही, फाटते, आणि पाचर दुसऱ्या टोकाला पोहोचली तरी दोन तुकडे धाग्यांनी जोडलेले राहतात. मोठ्या सिलिंडरची गरज अशाच लाकडाला आणि फांदी फुटलेल्या जागेच्या बेचक्यांना असते. सध्या अमेरिकेच्या ईशान्य भागात ॲश मुबलक मिळते, आणि त्यामागे एक दुःखाची गोष्ट आहे. आशियातून आलेला एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा, चमकदार भुंगेरा २००२ साली मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ आढळला. न्यू हॅम्पशायरमध्ये तो २०१३ साली पोहोचला, व्हर्मॉन्ट आणि मेनमध्ये २०१८ साली. त्याच्या अळ्यांनी कोट्यवधी झाडे मारली. हा किडा जळणाच्या लाकडातूनही दूर जातो, म्हणून न्यू यॉर्क राज्यात उष्णतेची प्रक्रिया न केलेले जळण मूळ जागेपासून ५० मैलांपलीकडे नेण्यास मनाई आहे. यंत्र कितीही दूरवर ओढून न्यावे, लाकूड मात्र जिथल्या तिथे फोडून तिथेच जाळावे.

विजेवर चालणारी छोटी यंत्रे पाच-सात टनांची असतात. अमेरिकेतल्या घरांत १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटमधून याहून फारशी शक्ती मिळतच नाही. सरळ रेषांचे, वीतभर-दीड वीत जाडीचे ओंडके ती आरामात फोडतात, धूर करत नाहीत आणि आवाजही कमी. गाठाळ लाकडापुढे ती अडतात. त्यांना लांब, बारीक वायर जोडली तर व्होल्टेज पडते आणि मोटर तापते, म्हणून जाड तारेची, शक्य तितकी आखूड वायर घ्यावी. पेट्रोल यंत्र घराबाहेर, उघड्यावरच चालवायचे. गॅरेजमध्ये त्याचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, त्याला ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिकवर चालणारे यंत्र मिळते. एका इंजिनाची देखभाल वाचते, पण ट्रॅक्टर दिवसभर तिथेच अडकून पडतो.

बीम आडवा की उभा, हा प्रश्न पाठीशी निगडित आहे. आडव्या यंत्रावर प्रत्येक ओंडका उचलून ठेवावा लागतो. दोन फूट व्यासाचा ओला ओक एकट्या माणसाला उचलवत नाही. बीम उभा करता येत असेल, तर असा ओंडका जमिनीवरून लोळवत पाचरीखाली आणता येतो. मोठी झाडे असतील तर ही सोय सोडू नये. चार पात्यांची पाचर एका फेऱ्यात चार ढलपे काढते, पण तिला जोर जास्त लागतो. लहान यंत्राला ती जोडून काम वाढते.

सुरक्षेच्या बाबतीत युरोप कडक आहे. ईएन ६०९-१ या मानकानुसार तिथल्या पाचरीच्या यंत्रांना दोन्ही हातांनी चालवायची रचना लागते. एक हात जरी सोडला, तरी दांडा पुढे जात नाही. अमेरिकी यंत्रांत बहुधा एकच लिव्हर असतो. बोटे जातात ती पुष्कळदा दोन माणसे मिळून काम करताना: एक ओंडका धरतो, दुसरा लिव्हर ओढतो आणि क्षणभराची चुकामूक होते. जो ओंडका ठेवतो त्यानेच लिव्हर चालवावा, हा नियम कुणासाठीही मोडू नये. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. नळीला पडलेल्या सुईएवढ्या भोकातून निघणारे तेल कातडी भेदून शरीरात शिरते आणि हात कापण्याची वेळ येऊ शकते. म्हणून गळती हाताने चाचपू नये. यंत्र चालू असताना पुठ्ठा फिरवून पाहावी.

यंत्र रस्त्याने ओढून न्यायचे असेल, तर चाकांवर लिहिलेली वेगमर्यादा वाचावी. बऱ्याच घरगुती यंत्रांची चाके महामार्गासाठी नसतात. तेलाची निवड हवामानावर ठरते. कडाक्याच्या थंडीत एडब्ल्यू ३२ हे पातळ तेल बरे, ऊबदार दिवसांत एडब्ल्यू ४६. शून्याखालच्या सकाळी इंजिन सुरू करून तेल थोडे गरम होईपर्यंत लिव्हरला हात लावू नये, कारण घट्ट तेल पंपात नीट शिरत नाही आणि पंप झिजतो.

जुने यंत्र घेताना दांडा पूर्ण बाहेर काढून पाहावा. त्यावर ओरखडे किंवा गंजाचे खड्डे असतील, तर सील टिकणार नाहीत आणि नवी सील घातली तरी पुन्हा फाटतील. टाकीचे झाकण उघडून तेल पाहावे. दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. मग बीमवर नजर टाकावी. ज्या पट्टीला ओंडका टेकतो तिच्या वेल्डला चीर आहे का आणि पाचर बीमवर डावी-उजवीकडे खेळते का, हे हाताने हलवून तपासावे. शेवटी मालकाला सर्वांत गाठाळ ओंडका आणायला सांगावा आणि तो आपल्यासमोर फोडून घ्यावा. पाचर रुतून इंजिनाचा आवाज दबल्यावर पंपाची छोटी जोडी एकटी जोर लावते की दांडा नुसताच थबकतो, हे तेव्हाच कळते.