दाखल्याचा फोटो आडवा का जातो?



बंधू-भगिनींनो, शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी यांच्या अर्जांचे दिवस आले की घरोघरी मोबाईलवर दाखल्यांचे फोटो निघतात आणि ईमेलने जातात. आपल्या मोबाईलवर दाखला सरळ दिसतो. समोरच्याच्या संगणकावर मात्र आडवा, कधी उलटा. "मी तर नीटच पाठवला होता," असे मुले म्हणतात. त्यांचे खरे असते.

कारण समजून घ्या. मोबाईल उभा धरला तरी कॅमेरा बहुधा चित्र आडवेच साठवतो आणि 'दाखवताना एवढे फिरवा' अशी नोंद फाईलमध्ये ठेवतो. या नोंदींना एक्झिफ म्हणतात. त्यांचा नमुना जपानमध्ये १९९५ साली ठरला. आपला मोबाईल ती नोंद वाचतो, पण सगळेच ईमेल आणि संगणकावरचे प्रोग्राम वाचत नाहीत.

दुसरे कारण आपल्या सवयीत आहे. दाखला जमिनीवर ठेवून वरून फोटो काढला, की वरची बाजू कोणती हे मोबाईलला ओळखता येत नाही आणि नोंदच चुकते. म्हणून कागद भिंतीला टेकवावा, मोबाईल उभा धरावा.

पाठवण्याआधी फोटो उघडून 'एडिट'मध्ये जावे, कडा थोड्या कापाव्यात आणि नव्याने सेव्ह करावा. बहुतेक मोबाईलमध्ये यामुळे चित्रच सरळ साठवले जाते. मग तो आधी स्वतःच्याच ईमेलवर पाठवून एखाद्या संगणकावर पाहावा. आपल्याकडे आडवा फोटो आला, तर संगणकात उतरवून घ्यावा, त्यावर माऊसचे उजवे बटण दाबून फिरवावा आणि मगच छापावा.

काम छोटे आहे, पण कागद छोटा नाही. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला. अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना मिळायला १९९० साल उजाडले. चौतीस वर्षांनी मिळालेला हक्क ज्या दाखल्यावर उभा आहे, तो दाखला वाचता येत नाही म्हणून अर्ज अडू नये. तोच कागद दाखवायला सेलूहून परभणीला जायचे, तर मजुराचा एक रोज बुडतो आणि भाडे वेगळेच.

म्हणून रविवारी विहारात वंदना झाल्यावर ज्याला हे येते त्याने चौघांना शिकवावे. आयाबहिणींना आधी शिकवावे. घरातले कागद त्याच जपून ठेवतात.

जय भीम!