फळ्यावरचा ‘जाती’ हा शब्द

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. सजीवांच्या वर्गीकरणाच्या या सात पायऱ्या माध्यमिक शाळेत एकाखाली एक फळ्यावर लिहिल्या जातात, मुले त्या पाठ करतात आणि परीक्षेत गुण मिळवतात. आमचे मत असे की यांतील शेवटचा शब्द आपल्यासारख्या शाळेत नुसता लिहून पुढे जाण्याजोगा नाही. विज्ञानाच्या पुस्तकात येण्यापूर्वी मुलाने तो दाखल्यावर पाहिलेला असतो, पाणवठ्यावर ऐकलेला असतो. (‘संघ’ हा शब्द मात्र रोजच्या वंदनेतला. गांडुळाचा संघ, गोगलगायीचा संघ अशी यादी सुरू झाली की वर्गात हसू फुटते. ते फुटू द्यावे.)

हा शब्द बदलून टाकावा असे कोणी म्हणेल. आम्हांला ते पटत नाही. शब्द टाळल्याने मुलाच्या मनातला अर्थ तसाच राहतो. शास्त्रीय अर्थ नीट सांगितला, तर मात्र तो तपासून पाहता येतो. ज्या जीवांचे आपापसांत प्रजनन होऊन त्यांची संततीही प्रजननक्षम निपजते, ते जीव ढोबळमानाने एका जातीचे. गाढव आणि घोडी यांच्यापासून खेचर होते, पण खेचराचा वंश पुढे चालत नाही; म्हणून त्या दोन जाती. आता हीच कसोटी माणसांना लावा, असे आठवीतल्या मुलांना सांगावे आणि थांबावे. गावाने ज्या विवाहांना विरोध केला, त्यांतून झालेली मुलेबाळे, नातवंडे त्यांना ठाऊक असतात. उत्तर त्यांचे तेच देतात.

हा युक्तिवाद आपल्या परंपरेला नवा नाही. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांचा वाद आहे: माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की आचरणाने? तथागत थेट उत्तर देण्याआधी त्यांना सजीवसृष्टीच दाखवतात. गवत आणि वृक्ष, किडे आणि मुंग्या, चतुष्पाद, सरपटणारे, मासे, पक्षी यांच्यात जन्मजात वेगळेपणाच्या खुणा आहेत. मग केस, कान, डोळे, हात, पाय असे एकेक अवयव घेऊन ते सांगतात की माणसामाणसांत तशी खूण नाही. जीवशास्त्राच्या तासाला हे सुत्त श्रद्धेपोटी सांगू नये. निरीक्षणावर उभा असलेला युक्तिवाद म्हणून जरूर सांगावे.

विज्ञानाचीही उलटतपासणी त्याच तासाला व्हावी. द्विनाम पद्धती रूढ करणाऱ्या कार्ल लिनिअस यांनी 1758 च्या आपल्या ग्रंथात मानवाला एकाच जातीत ठेवले, पण खंडांप्रमाणे चार प्रकार पाडून प्रत्येकाला स्वभावगुणही चिकटवले. मांजर, वाघ आणि सिंह यांची नाती शोधू पाहणारा माणूस स्वतःच्या समाजाकडे पाहताना समजुतीलाच निरीक्षण मानून बसला. म्हणून ‘उच्च प्राणी’ आणि ‘नीच प्राणी’ ही भाषा आम्हांला वर्गात नको वाटते. साधी रचना, गुंतागुंतीची रचना, एवढे म्हटले तरी अर्थ पुरतो. जीवाणू अब्जावधी वर्षे टिकून आहे. त्याला कनिष्ठ कोणत्या मापाने म्हणावे?

पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था हा भाग शिकवताना तर अधिक जपावे लागते. मेंदू राजा, हात शिपाई, पाय सेवक, असे दाखले सहज तोंडी येतात. शरीराच्या अवयवांवर समाजाची उतरंड बसवण्याची ही रीत ऋग्वेदातील पुरुषसूक्ताइतकी जुनी आहे. गर्भविज्ञान काय सांगते? सर्व शरीर एका फलित पेशीपासून घडते. गर्भाच्या तीन थरांपैकी बाहेरच्या थरापासून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात, आणि त्याच थरापासून त्वचेचा बाह्यस्तर, म्हणजे तळपायाची कातडीसुद्धा. मुखापासून एक आणि पायापासून दुसरा, या कल्पनेला इथे कुठे आधार सापडत नाही. पेशींमध्ये कामाची विभागणी असते, हे खरे. परंतु जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये दाखवलेला भेद इथे मुलांना चटकन उमगतो.

विज्ञानाच्या तासाला समाजकारण कशाला, असा आक्षेप येतो. समाजकारण त्या शब्दातून आणि त्या दाखल्यांतून आधीच वर्गात आलेले असते. शिक्षकाने एवढेच ठरवायचे, की ते न बोलता तसेच राहू द्यायचे की तपासायचे.

एरवी हा विषय शिकवायला कुंभिवलीसारखी जागा शोधून सापडायची नाही. पावसाळ्यात टाकळा, कवळा उगवतात, भात निघाल्यावर वाल येतो, डोंगरउतारावर पळस, बांधाला चिंच. दोन लहान रोपे, एक वेल, दोन मोठे वृक्ष. पण शेंगा फोडून शेजारी ठेवल्या की मुलांना कुल म्हणजे काय ते समजते. कातकरी आणि ठाकर घरांतल्या मुलांना रानभाज्या, खेकडे, वलगणीचे मासे यांची जितकी नावे येतात तितकी अनेक पदवीधरांना येत नाहीत. त्यांचेही वर्गीकरण असते: खाण्याचे, औषधाचे, विषारी, सरपणाचे. ते अडाणीपणाचे मानू नये. कसोटी वेगळी आहे, इतकेच. लिनिअसचे नाव आणि आजीने सांगितलेले नाव वहीत एकाच ओळीत यावे.

अशी वही शाळेसाठी तयार व्हावी, असे आम्हांला वाटते. पालकांनी घरातल्या वृद्धांना विचारून नावे पाठवावीत, कातकरी, ठाकरी, आगरी, जी बोली असेल तीत. माजी विद्यार्थ्यांपैकी जे रुग्णालयांत, प्रयोगशाळांत काम करतात त्यांनी वर्षातून एक दिवस काढावा. रक्तगट कसे तपासतात ते मुलांना दाखवावे, आणि रक्त देताना पिशवीवर काय लिहिलेले असते व काय नसते, तेही.