भाचीचा अभ्यास आणि आपला धडा



माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी बारावीनंतर अमेरिकेला शिकायला निघाली. मेतकूट, भाजणी, छोटा कुकर, सगळी बांधाबांध चाललेली. एवढ्यात ताईचा फोन आला, "अगं, कॉलेजनं हिला संगणकावर अभ्यास पाठवलाय. तिथं पोचायच्या आत संपवायचा. आणि विषय काय, तर दारू! पाठवू की नको पोरीला?"

दुसऱ्याच दिवशी मी गेले आणि भाचीशेजारी बसून सगळा अभ्यास पाहिला.

अहो, 'प्या' असं त्यात कुठंच नव्हतं. तिकडे एकविसाव्या वर्षाआधी दारू विकत घ्यायला कायद्यानं मनाई आहे; तरी वसतिगृहांतून ती पोचतेच. शिवाय नव्या विद्यार्थ्यांना लैंगिक अत्याचार टाळण्याचं शिक्षण द्यायलाच हवं, असा तिथं २०१३ पासून कायदा आहे. म्हणून हा खटाटोप.

सुरुवातीला प्रश्न येतात. तू घेतेस का? इतर मुलं किती घेत असतील? मुलांना वाटतं, सगळेच भरपूर पितात. मग खरे आकडे दाखवतात आणि ते बहुधा अंदाजापेक्षा कमी निघतात. भाची म्हणाली, "मावशी, म्हणजे 'नको' म्हणणारी मी एकटीच नसेन!"

पुढे मापांचा हिशेब. तिकडच्या एका मापात १४ ग्रॅम मद्यार्क धरतात. साधारण दोन तासांत बाईनं चार किंवा पुरुषानं पाच मापं घेतली, तर ते धोक्याचं पिणं. बाईच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो, म्हणून तिला तेवढीच दारू जास्त चढते. कॉफीनं किंवा गार पाण्यानं नशा उतरत नाही, वेळच जावा लागतो. कुणी बेशुद्ध झालं, तर "झोपू दे" म्हणून सोडून जायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि लगेच मदत बोलवायची.

मग आला संमतीचा धडा. नशेत भान हरपलेल्या मुलीचा होकार हा होकारच नव्हे. आपल्याकडेही हाच कायदा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे.

ताईला राहवलं नाही. "पण मुलीनं प्यावीच कशाला?"

भाची शांतपणे म्हणाली, "आई, झोपलेल्या माणसाचं पाकीट मारलं, तर चोर कोण?"

ताई गप्प झाली. मग पोरीनं खालमानेनं सांगितलं, की बारावीच्या निरोप समारंभानंतर एका मैत्रिणीला कुणीतरी थंड पेयातून दारू पाजली होती. हिनं आणि आणखी एकीनं तिला रिक्षात घालून घरी पोचवलं. "तुला सांगितलं नाही, कारण तू माझं बाहेर जाणंच बंद केलं असतंस."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीनं शहाणपण दाखवलं होतं, पण आईजवळ तोंड उघडायची तिला भीती वाटली होती!

असे अभ्यास किती उपयोगी पडतात? अमेरिकेत ३० विद्यापीठांत एकाची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली आले. पहिल्या सत्रात मुलांचं पिणं कमी झालं, पण दुसऱ्या सत्रात तो परिणाम टिकला नाही. वर्गात शिकवताना मलाही हाच अनुभव येतो. एकदा सांगून काही मुरत नाही, उजळणी लागतेच. ती उजळणी घरीच व्हायला हवी.

आणि ती फक्त मुलींची नव्हे बरं का! माझा मुलगा सातवीत आहे. 'नाही म्हणजे नाही' आणि 'शुद्धीत नसलेल्या माणसाला जपायचं असतं', हे मी त्याला आत्तापासूनच सांगते.

विमानतळावर ताईनं लेकीला जवळ घेतलं आणि एवढंच म्हणाली, "काहीही झालं, कितीही वाजले, तरी फोन कर. आधी 'सुखरूप आहेस ना' एवढंच विचारीन. 'का गेलीस' हे विचारणार नाही."

तुमची लेक पुण्याला असो, नाहीतर परदेशी, आज रात्री फोनवर तिला एवढं एक वाक्य नक्की सांगा.