क्रेडिट निघालं, पण सीट कुठंय?

समजा, तुम्ही संगमनेरच्या एखाद्या कॉलेजात एफवायबीएस्सी केलंत. वडिलांची बदली झाली आणि आता एसवायला पुण्यात अॅडमिशन हवी आहे. विद्यापीठ तेच, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर हे तिन्ही जिल्हे त्याच्याच कक्षेत येतात. डिग्रीवरही त्याच विद्यापीठाचं नाव येणार. मग यात अवघड काय आहे, असं कुणालाही वाटेल.

अवघड काय ते ऑफिसच्या खिडकीशी उभं राहिल्यावर कळतं. ‘आधी जुन्या कॉलेजची एनओसी आणा,’ असं नवं कॉलेज म्हणतं. ‘आधी तिकडे जागा आहे असं लिहून आणा,’ असं जुनं कॉलेज म्हणतं. या दोन खिडक्यांमध्ये जून-जुलै निघून जातो.

गंमत म्हणजे कागदावर आपण या सगळ्याच्या बरेच पुढे गेलोय. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण विद्यार्थ्याने शिकता शिकता संस्था बदलावी, मध्ये थांबावं, परत यावं, यासाठी जागा ठेवतं. २०२१ मध्ये यूजीसीने ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम आणले. तुमच्यापैकी बहुतेकांनी डिजिलॉकरवर एबीसी आयडी काढलाच असेल, बऱ्याचदा कॉलेजच्या ग्रुपवर ‘आजच्या आज काढा’ असा मेसेज आला म्हणून. या खात्यात तुमचे क्रेडिट जमा होतात आणि साधारण सात वर्षं वापरता येतात. डिग्रीचे किमान निम्मे क्रेडिट डिग्री देणाऱ्या संस्थेतून मिळवायचे, अशी एक अट आहे. पण आपण एकाच विद्यापीठातल्या दोन संलग्न कॉलेजांबद्दल बोलतोय. डिग्री देणारं विद्यापीठच असल्याने ती अटही आड येत नाही.

मग अडतं कुठे? क्रेडिट तुमच्या नावावर असतात, सीट मात्र कॉलेजच्या नावावर असते. प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक तुकडीची प्रवेशक्षमता ठरलेली आहे. एसवायला जागा रिकामी होते ती कुणी कॉलेज सोडलं, कुणी नापास झालं तरच. ती झाली की नाही, हे निकाल लागल्याशिवाय कॉलेजलाही नक्की सांगता येत नाही.

दुसरा अडथळा विषयांचा. नव्या रचनेत मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी असे बरेच कप्पे आहेत. तुमची मेजर केमिस्ट्री आणि मायनर बॉटनी असेल, तर नव्या कॉलेजात ही जोडी शिकवली जायला हवी. लहान कॉलेजात शिक्षक कमी, म्हणून पर्यायही कमी. धोरणाने जितके जास्त पर्याय दिले, तितकं दोन कॉलेजांचं गणित जुळणं कठीण झालं, हे कुणी फारसं बोलत नाही.

तिसरा अडथळा ऑटोनॉमस कॉलेजांचा. मुंबईचं झेवियर्स किंवा पुण्याचं फर्ग्युसन घ्या. डिग्री विद्यापीठाचीच मिळते, पण सिलॅबस आणि परीक्षा कॉलेजची स्वतःची. तिथे ‘विद्यापीठ एकच आहे ना’ हा मुद्दा चालत नाही. तुमचे पेपर त्यांच्या पेपरशी जुळतात का, हे तपासलं जातं.

कॉलेजांची बाजूही ऐकायला हवी. बदली अगदी सोपी केली तर सगळे शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजांकडे धावतील, ही भीती खोटी नाही. तालुक्याच्या कॉलेजात पटसंख्या घटली की शिक्षकांचा वर्कलोड घटतो, आणि वर्कलोडवर पदं अवलंबून असतात. आज दहा मुलं गेली तर उद्या तिथला एखादा विषयच बंद पडू शकतो. मागे राहिलेल्या मुलांनी मग काय करायचं?

पण या भीतीवर उपाय म्हणून माहिती झाकून ठेवणं चुकीचं आहे. अकरावीसाठी २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन प्रवेश सुरू झाले. कोणत्या कॉलेजात किती जागा रिकाम्या आहेत, ते प्रत्येक फेरीला घरबसल्या दिसतं. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या एसवाय-टीवायसाठी असं एकत्र पोर्टल नाही. त्यामुळे ज्याच्या ओळखीचं कुणी ऑफिसात आहे, त्याला जागा आधी कळते. बाकीचे एसटीचं तिकीट काढून कॉलेजं पालथी घालतात. निकालानंतर विद्यापीठाने मेजर-मायनरसकट रिकाम्या जागांची यादी लावली आणि अर्जावर ठरावीक दिवसांत हो किंवा नाही कळवायचं बंधन घातलं, तर एकही सीट वाढवावी लागणार नाही. कॉलेजं रिकामीही होणार नाहीत. फक्त रांग सगळ्यांसाठी सारखी होईल.

ते होईपर्यंत तुम्ही काय करू शकता?

निकालाची वाट न पाहता एप्रिल-मेमध्येच नव्या कॉलेजला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘बघू’ला काही अर्थ नसतो. अर्जासोबत तुमच्या पेपरांची नावं, कोड आणि क्रेडिट लिहून जोडा.

एबीसी खातं उघडून बघा. आयडी आहे म्हणजे क्रेडिट जमा झालेत असं नाही. ते कॉलेज-विद्यापीठाने चढवावे लागतात.

एटीकेटी असेल तर आधी विचारा, की राहिलेला पेपर कुठून द्यायचा. पहिल्या वर्षाच्या बऱ्याच परीक्षा कॉलेज पातळीवर होतात, त्यामुळे तुमचे इंटर्नलचे मार्क जुन्या कॉलेजातच असतात.

महाडीबीटीची स्कॉलरशिप असेल तर ती सगळ्यात आधी सांभाळा. अर्जाची पहिली तपासणी कॉलेज पातळीवर होते. कॉलेज बदललं की नूतनीकरण कसं करायचं, हे दोन्हीकडच्या क्लार्कना विचारून घ्या.

विद्यापीठ तेच असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटची गरज नसते. ते विद्यापीठ बदलताना लागतं. कुणी मागितलंच, तर कोणत्या नियमाने ते नम्रपणे विचारा. आणि अॅडमिशन रद्द करताना कॉलेजला तुमची मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे यूजीसीने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय.

हौसेने कॉलेज बदलणारे थोडेच असतात. कुणाच्या वडिलांची बदली होते, कुणाला होस्टेल परवडत नाही, कुणाचं लग्न होतं, कुणाला दुसऱ्या गावात नोकरी लागते. यातल्या ज्यांची बदली जमत नाही, ते बऱ्याचदा शिक्षणच सोडतात आणि त्यांची नोंद ‘ड्रॉपआउट’ अशी होते. त्यांच्या एबीसी खात्यात मात्र एफवायचे चाळीसेक क्रेडिट सात वर्षं पडून राहतात.